पुढच्या पाणी योजनेआधी शेवटच्या नळाखाली बादली लावा

प्रति,
महाराष्ट्रातील नगरपरिषदा व नगरपंचायतींचे नवनिर्वाचित नगराध्यक्ष, नगरसेवक आणि मुख्याधिकारी

स.न.वि.वि.

निवडून आल्याबद्दल अभिनंदन. गुलाल, हारतुरे, देवदर्शनं आटोपली असतील आणि आता फायली यायला लागल्या असतील. बऱ्याच गावांत २०२१-२२ पासून प्रशासक बसले होते. म्हणजे इतकी वर्षं ठराव झाले, खर्च झाला, पण समोर बसून प्रश्न विचारणारं सभागृहच नव्हतं. तुमच्यापुढे पहिल्या काही महिन्यांत जे विषय येतील त्यांत पाण्याचा एक हमखास असेल. वाढीव पाणीपुरवठा योजना, पाणी टाकीपर्यंत चढवणारी नवी ऊर्ध्ववाहिनी, आणखी दोन उंच टाक्या. निधी केंद्राच्या अमृत २.० योजनेतून किंवा राज्याच्या नगरोत्थानमधून, आणि पालिकेचा स्वहिस्सा कुठून आणायचा ते नंतर बघू. सल्लागाराने डीपीआर, म्हणजे योजनेचा सविस्तर प्रकल्प अहवाल, छान बाइंडिंग करून दिलेला असेल.

मी पालिकेच्या पाणीपुरवठा विभागात नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. माझं मागणं एकच आहे. त्या ठरावावर हात वर करण्याआधी तुमच्या गावात आज कोणाच्या नळाला किती पाणी येतं ते मोजून घ्या, आकडे जाहीर करा, आणि मग ठरवा.

तुम्ही म्हणाल, आकडे तर विभागाकडे आहेतच. आहेत ना. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ साली सेवास्तर मानकं ठरवून दिली. पाणी, मलनिस्सारण, घनकचरा आणि पावसाळी गटारं मिळून २८ निर्देशांक. पाण्यापुरतं सांगायचं तर माणशी रोज १३५ लिटर, चोवीस तास पुरवठा, सगळ्या जोडण्यांना मीटर, हिशेबाबाहेरचं (गळती-चोरीत जाणारं, बिल न होणारं) पाणी २० टक्क्यांच्या आत, तक्रारींपैकी ८० टक्के वेळेत दूर, वसुली ९० टक्के. पुढे तेराव्या वित्त आयोगाने त्याला पैशाची गाठ मारली: येत्या वर्षात कुठवर पोचणार ते राजपत्रात जाहीर करा, तर कामगिरीचं अनुदान मिळेल. हेतू चांगलाच होता. पण मार्च आला की तक्ता भरायची घाई, आणि घाईत भरलेल्या तक्त्याचं जे व्हायचं ते होतंच.

त्या तक्त्यात एक रकाना असा आहे की त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. प्रत्येक आकड्यापुढे त्याची विश्वासार्हता लिहायची असते: ए, बी, सी किंवा डी. ए म्हणजे नीट मीटर लावून मोजलेला, डी म्हणजे अंदाजपंचे. मला विचाराल तर अख्ख्या तक्त्यात हाच रकाना सगळ्यात मोलाचा. पहिल्याच आढावा बैठकीत विभागप्रमुखांना फक्त एवढं विचारा, ‘साहेब, यातले ए किती आणि डी किती?’

डी दर्जाचा आकडा कसा तयार होतो ते सांगतो. जॅकवेलवर, म्हणजे पाणी उचलायच्या विहिरीवर, पंप असतो, त्याच्या पाटीवर तासाला किती लिटर ते कोरलेलं असतं. पंप अठरा तास चालला असं लॉगबुकात लिहिलेलं असतं. दोन्हींचा गुणाकार केला की झालं ‘उचललेलं पाणी’. त्याला लोकसंख्येने भागलं की माणशी लिटर निघाले. पंपाचा इम्पेलर (आतलं फिरतं चक्र) किती झिजलाय, दुपारी व्होल्टेज किती पडतं, मुख्य वाहिनीच्या एअर व्हॉल्व्हमधून ढाबेवाले आणि वीटभट्टीवाले वाटेत किती काढून घेतात, यातलं काहीच त्या गुणाकारात नाही. भागाकारातली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची, फार तर अंदाजाने थोडी फुगवलेली. हिवाळ्यात ऊसतोडीला माणसं येतात, कॉलेज सुरू झालं की भाड्याच्या खोल्या भरतात, ते हिशेबात कुठेच नाही. असं करून पन्नास हजार वस्तीच्या गावात माणशी १४० लिटर निघतात, आणि त्याच गावात उन्हाळ्यात पालिकेचे टँकर फिरतात. हे दोन्ही विषय एकाच सभेत, एकाच विषयपत्रिकेवर मंजूर होताना मी पाहिले आहेत. सभागृहात कोणाच्या भुवया वर गेल्या नाहीत.

बरं, १४० हा आकडा खरा धरला तरी ती सरासरी झाली. टाकीला लागून असलेल्या बंगल्यांत बागेला पाइप सोडलेला असतो. मधल्या गल्ल्यांत पाणी सुटायच्या वेळेला घराघरांत टिल्लू पंप सुरू होतात आणि पुढच्यांचं पाणी ओढून घेतात. चढावरच्या शेवटच्या गल्लीत नळ नुसता सूं सूं करतो. या तिघांची सरासरी काढून शेवटच्या घराला सांगायचं की तुम्हाला मानकापेक्षा पाच लिटर जास्तच मिळतंय!

आता दोन नोंदवह्या दाखवतो. पहिली टाकीखालच्या खोलीत असते. व्हॉल्व्ह उघडल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, भाग, ओटी टेस्ट, सही असे रकाने. महिनाअखेरीचं पान उघडा. तीसही ओळींत सकाळी ६.०० ते ७.००, एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखं. ओटी टेस्ट म्हणजे नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळं झालं की क्लोरीन आहे. त्या रकान्यात पहिल्या तारखेला ‘आहे’ आणि खाली महिनाभर ‘वरीलप्रमाणे’. टीसीएल (क्लोरीनची) पावडर संपून चार दिवस झालेले असले तरी रजिस्टरात पाणी पिवळंच होत असतं.

दुसरी नोंदवही त्याच टाकीवरच्या शेवटच्या गल्लीत मिळते. स्वयंपाकघराच्या दाराला दिनदर्शिका टांगलेली असते आणि तिच्यावर दुधाच्या खाड्यांशेजारी पाण्याच्याही खुणा असतात. एका घरात मी पाहिलं होतं: फुली म्हणजे आलंच नाही, ‘रा’ म्हणजे रात्री आलं, गोलातली फुली म्हणजे आलं पण हंडेही भरले नाहीत. त्या बाईंना सेवास्तर मानकं कोणी शिकवली नव्हती. धुणं कधी भिजत घालायचं आणि पाहुण्यांना कुठल्या दिवशी या म्हणायचं, एवढ्यासाठी त्यांनी नोंद ठेवली होती. तिचा दर्जा ए. कारण ती खोटी लिहून त्यांचा काही फायदा नव्हता.

पहिली वही लिहिणाऱ्या चावीवाल्याला मात्र यात आरोपी करू नका. तो बहुतेक ठिकाणी कंत्राटी असतो. दोन-तीन टाक्यांचे व्हॉल्व्ह एकटा फिरवतो, रात्री-अपरात्री गटाराशेजारच्या चेंबरमध्ये उतरतो आणि नगरसेवकांचे फोन पहिल्यांदा त्यालाच जातात. खरी वेळ लिहिली तर ‘उशीर का झाला’ म्हणून मेमो, ठरलेली वेळ लिहिली तर कोणी विचारत नाही. अशा व्यवस्थेत तुम्ही-आम्ही तरी काय लिहिलं असतं?

म्हणून मोजायचं ते नळापाशी. त्याला सल्लागार लागत नाही. दहा लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ पुरतं. मोटर बंद ठेवून नळ पूर्ण सोडायचा आणि बादली भरायला किती वेळ लागतो ते बघायचं. बादली एका मिनिटात भरली तर तासाला ६०० लिटर. पाच माणसांच्या घराला १३५ च्या हिशेबाने रोज ६७५ लिटर लागतात, म्हणजे त्या धारेने रोज साधारण ६८ मिनिटं नळ चालायला हवा. आता तुमच्या गावात दोन दिवसांआड पाणी येतं आणि चाळीस मिनिटं टिकतं असं धरा. ४०० लिटर, तीन दिवसांना, पाच माणसांत: माणशी रोज २७ लिटरही भरत नाहीत. बादलीला दोन मिनिटं लागत असतील तर १३. हा हिशेब आठवीतला मुलगा करतो. पण तो केला की डीपीआरमधल्या ‘सध्याची स्थिती’ या प्रकरणाकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल.

किती घरं बघायची? पन्नास हजारांच्या गावात शंभर-सव्वाशे घरं नीट निवडली तरी चित्र दिसतं. निवडणं महत्त्वाचं. प्रत्येक टाकीच्या हद्दीत जवळची, मधली आणि शेवटची अशी घरं हवीत, आणि ती नगरसेवकाने सांगितलेली नकोत. मालमत्ता कराची नोंदवही घ्या आणि ठरावीक अंतराने घर उचला, म्हणजे कोणाच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. फक्त एक ध्यानात ठेवा: झोपडपट्टीतली बरीच घरं त्या वहीत नसतात, भाडेकरू नसतात, एका नळावर चार बिऱ्हाडं असली तरी वहीत मालक एकच. ज्यांना सगळ्यात कमी पाणी मिळतं तेच अशा पाहणीतून नेमके गळतात. त्यांची यादी वेगळी करावी लागेल.

पाहणी कोणी करायची? पाणीपुरवठा विभागाने नाही, आणि तुमच्या कार्यकर्त्यांनी तर नाहीच. गावात कॉलेज असेल तर राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं मिळतात. बचत गटाच्या महिला तर उत्तम, कारण त्यांना कोणी गंडवू शकत नाही. वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरमध्ये. प्रश्न चारच: शेवटचं पाणी कधी आलं, किती वेळ टिकलं, मोटर लावावी लागली का, गढूळ होतं का. आणि बादली. एका भूमिपूजनाच्या मंडपाच्या भाड्यात हे सगळं बसतं. याच्या जोडीला जॅकवेलवर आणि प्रत्येक टाकीच्या तोंडाशी एकूण पाणी मोजणारा, चालू स्थितीतला बल्क मीटर. ‘बसवलेला’ मीटर खूप ठिकाणी आहे, मी ‘चालू’ म्हणतोय.

आपल्याकडे हे नवीन आहे असंही नाही. १९३० च्या दशकात धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे शहरातली घरं, उत्पन्न, धंदे यांची दारोदार पाहणी केली होती. अलीकडे महाराष्ट्र सुजल निर्मल अभियानात पाण्याचं ऑडिट, विजेचं ऑडिट, ग्राहक सर्वेक्षण, गळती शोधणं हीच कामं आधी करा असं शासनानेच सांगितलं होतं. तुमच्या पालिकेतही त्या अहवालाची प्रत एखाद्या कपाटात असण्याची दाट शक्यता आहे. शोधा. नवीन पाहणीआधी जुनी वाचायला हरकत नाही.

पण नुसतं मोजून भागत नाही, आणि माझा खरा आग्रह इथे आहे. मोजण्याआधी सभागृहाने लिहून ठेवायचं की आकडा काय निघाला तर आपण काय करू. उदाहरणार्थ: मीटरप्रमाणे टाकीत पुरेसं पाणी पोचतंय, टाकीजवळ भरपूर आहे आणि शेवटाला नाही, तर नवी योजना नाही, आधी गळती, व्हॉल्व्ह, मोटारी आणि वाटप. जवळ आणि शेवटी दोन्हीकडे कमी आणि मीटरच कमी दाखवतोय, तर योजना. हे आधी लिहिलं नाही तर काय होतं? पाहणी होते, अहवाल येतो, आणि कुठलाही आकडा आला तरी निष्कर्ष ‘नवीन योजना आवश्यक’ हाच राहतो. ज्या पाहणीने निर्णय बदलूच शकत नाही तिच्यावर शंभर रुपयेसुद्धा घालवू नका.

नंतरच्या तपासणीची गत तुम्हाला ठाऊक आहे. जलयुक्त शिवारवर ९,६३३ कोटी खर्च झाल्यावर २०२० मध्ये कॅगचा अहवाल आला आणि त्यात लिहिलं होतं की भूजल पातळी वाढवण्यावर फारसा परिणाम झालेला नाही. त्यावर आरोप-प्रत्यारोप व्हायचे ते झाले. कोणाचं बरोबर यात मी पडत नाही. माझं म्हणणं इतकंच की ही तपासणी पहिल्या शंभर गावांनंतर झाली असती तर पुढच्या गावांना उपयोग झाला असता.

चांगली तपासणी कशी असते याचा एक दाखला शेजारचाच आहे. हुबळी-धारवाडमध्ये २००८ च्या सुमारास शहराच्या जेमतेम दहाव्या भागात चोवीस तास पाणी सुरू झालं, बाकी शहरात काही दिवसांआडच राहिलं. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन्हीकडच्या सारख्या वस्त्या निवडून सुमारे चार हजार घरांची तुलना केली. चोवीस तासांच्या भागात नळाचं पाणी बरंच स्वच्छ निघालं. त्याचं कारण कुठलाही प्लंबर सांगेल. पाणी बंद झालं की वाहिनी रिकामी होते, आणि शेजारच्या गटाराचं पाणी फुटक्या जॉइंटमधून आत ओढलं जातं. मुलांमधली रक्ताची हगवण सुमारे ३७ टक्क्यांनी कमी होती आणि विषमज्वराचा रुग्ण असल्याचं सांगणारी घरं ४२ टक्क्यांनी कमी. पण लहान मुलांच्या साध्या जुलाबात एकूण पाहता म्हणावा तसा फरक दिसला नाही. एक कारण बहुधा असं की चोवीस तास नळ असूनही लोक घरात पाणी साठवतच होते, हात बुडतच होते. हा दुसरा निष्कर्ष त्यांनी लपवला नाही. तुमच्या डीपीआरमध्ये ‘जलजन्य आजारांचे समूळ उच्चाटन’ असं वाक्य असेल. त्याशेजारी हे वाचून बघा.

दुसरा दाखला फसलेल्या प्रयोगाचा. बंगळुरूत पाणी सुटण्याआधी घरी मोबाइलवर संदेश पाठवायची कल्पना राबवली गेली. बायकांचा नळापाशी ताटकळण्याचा वेळ वाचेल, असा तर्क. कल्पना इतकी सोपी की कोणीही टाळ्या वाजवाव्यात, आणि आपल्याकडेही असं ॲप कधीच मंजूर होऊन जाईल. तिथे रीतसर तुलना करून पाहिल्यावर वाट बघण्याच्या वेळात फारसा फरक आढळला नाही. संदेश अवलंबून होता चावीवाल्यावर. त्याने व्हॉल्व्ह उघडल्यावर कळवायचं, आणि तो वेळेवर कळवत नव्हता. त्याच्या कामात एक भर, मोबदला नाही. शिवाय नळावर थांबणारी बाई आणि घरातला फोन बाळगणारा पुरुष हे बऱ्याच घरांत एका जागी नव्हते. ॲपच्या निविदेत हे दोन्ही मुद्दे कोणाच्या ध्यानात आले असते?

आता तुमच्या हातात एक साधन आहे ज्याची तुम्हाला कल्पना नसेल. व्हॉल्व्ह बदलणं, मीटर, गळती दुरुस्ती ही कामं सगळ्या प्रभागांत एकाच वर्षी कधीच होत नाहीत. समजा आठ टाक्या आहेत आणि पैसे चार टाक्यांपुरते. कोणाचा भाग आधी, यावरून सभेत खुर्च्या हलतात. मग आरक्षणाच्या सोडतीला करता तेच करा: सगळ्यांसमोर शाळकरी मुलाच्या हाताने चिठ्ठी काढा. निम्मे भाग या वर्षी, निम्मे पुढच्या. वशिल्याचा आरोप मिटतो आणि तुलनाही फुकटात मिळते, कारण काम झालेले आणि न झालेले भाग कोणी निवडलेले नसतात. दोन्हीकडे मे महिन्यात बादली लावा. आठच भाग असल्यामुळे बारीकसारीक फरक यात सिद्ध होणार नाही, हे मान्य. शिवाय एका भागातली गळती थांबली की वाचलेलं पाणी दुसऱ्या भागाला जातं आणि तुलना थोडी पुसट होते. पण एवढा पैसा घालून फरक डोळ्यांना दिसण्याइतका मोठा नसेल तर तेही पुढचे चार भाग करण्याआधी कळलेलं बरं.

आरक्षणाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. महिला आरक्षणाचा गावाच्या कामांवर काय परिणाम होतो हे एस्थर दुफ्लो आणि राघवेंद्र चट्टोपाध्याय या संशोधकांनी पश्चिम बंगालमधल्या बीरभूम आणि राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यांतल्या ग्रामपंचायतींत तपासलं. कुठलं सरपंचपद राखीव व्हावं हे गावाच्या मर्जीवर नव्हतं, त्यामुळे तुलना खरी झाली. जिथे सरपंच बाई होती तिथे पिण्याच्या पाण्यावर खर्च जास्त झाला. गंमत रस्त्यांची आहे. बीरभूममध्ये बायकांची रस्त्याचीही तक्रार होती, तिथे महिला सरपंचांनी रस्त्यांवरही लक्ष दिलं. उदयपूरमध्ये बायकांच्या तक्रारींत रस्ता फारसा नव्हता, तिथे रस्त्यावरचा खर्च कमी झाला. म्हणजे काम तक्रारीच्या मागोमाग गेलं. आपल्याकडे २०११ पासून निम्म्या जागा महिलांना आहेत. ज्या नगरसेविकांचे फोन अजून त्यांचे यजमान उचलतात त्यांनी निदान पाण्याच्या पाहणीची जबाबदारी स्वतःकडे घ्यावी. हे मी टोमण्याने म्हणत नाही; या विषयातली माहिती त्यांनाच जास्त असते.

तक्रारींचं तर स्वतंत्र पत्र होईल. थोडक्यात सांगतो. ‘निकाली’ या शिक्क्याखाली काय काय दडतं ते टपाल विभागातल्या कोणालाही विचारा. गळतीची तक्रार आली, ‘कर्मचाऱ्यास सूचना दिली’, निकाली. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला, मुदती ठरल्या. मग मुदतीच्या शेवटच्या दिवशी ‘कागद अपूर्ण’ म्हणून अर्ज परत, आणि अहवालात काम वेळेतच. यावर औषध स्वस्त आहे. दर महिन्याला निकाली काढलेल्या तक्रारींतल्या वीस चिठ्ठ्या काढा आणि त्या माणसांना फोन करा: झालं का काम? तेलंगणात २०१८ साली शेतकऱ्यांना मदत देणाऱ्या रयतू बंधू योजनेचे धनादेश वाटताना असंच केलं गेलं. काही भागांतल्या अधिकाऱ्यांना आधीच सांगितलं की आम्ही शेतकऱ्यांना फोन करून विचारणार आहोत. तेवढ्यानेच त्या भागांत वाटप सुधारलं. सुधारणा फार मोठी नव्हती, पण फोनचा खर्च त्याहून किती तरी कमी होता.

मीटर म्हटलं की सभागृहात शांतता पसरते, कारण मीटर म्हणजे दरवाढ आणि दरवाढ म्हणजे मतं. कराडशेजारच्या मलकापूरने मीटर लावले, जास्त वापरणाऱ्याला चढा दर लावला आणि चोवीस तास पाणी दिलं. छोटं गाव, कोणी मोठी महानगरपालिका नव्हे. तिथे एकदा जाऊन या, अभ्यास दौऱ्याला केरळच पाहिजे असं नाही. वाई आणि सिन्नरलाही जा. सेप्टिक टँक तुंबल्यावर मैलागाडी बोलावण्याऐवजी तिथे ठरलेल्या वेळापत्रकाने घरोघरी टाक्या उपसायची पद्धत बसवली, आणि ठेकेदाराचे पैसे कामगिरीशी बांधले. कुठल्या घरची टाकी कधी उपसली याची नोंद असल्याशिवाय ते शक्यच नव्हतं.

आणि स्वच्छ सर्वेक्षणाच्या भिंती रंगवणं तुम्ही करालच, त्याला मी कोण नाही म्हणणारा! क्रमांक येतो, फलक लागतो. फक्त बाहेरचे गुण मिळवायचं मोजमाप आणि घरातल्या कारभारासाठीचं मोजमाप यांची सरमिसळ होऊ देऊ नका. पहिल्यात चांगलं दाखवायचं असतं, दुसऱ्यात वाईट सापडलं तरच उपयोग.

यावरून सगळ्यात नाजूक मुद्दा. पहिल्या मोजणीत आकडे वाईट येणार. शेवटच्या गल्लीत १५ लिटर येतील, काही नमुन्यांत क्लोरीन शून्य येईल. त्या दिवशी कोणाला निलंबित केलंत, तर पुढच्या मेमध्ये सगळं ‘वरीलप्रमाणे’ येईल आणि तुम्हाला कधीच काही कळणार नाही. पहिलं वर्ष कारवाईचं नाही असं सभागृहाने आधीच ठरावात लिहावं. विरोधकांनाही विनंती: या आकड्यांचा फ्लेक्स करू नका. आजचा १५ लिटर हा आजच्या सत्ताधाऱ्यांचा नाही, तुमच्याही काळातला आहे. भांडायचं तर पुढच्या वर्षीच्या फरकावरून भांडा, तिथे हवं तेवढं भांडा.

आकडे जाहीर करायचे म्हणजे संकेतस्थळावर कोपऱ्यात पीडीएफ टाकायची नव्हे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ची पूर्तता त्याने कागदोपत्री होते, पण वाचत कोणी नाही. टाकीच्या भिंतीवर रंगाने लिहा: ही टाकी, इतके भाग, जवळच्या नळाला माणशी इतके लिटर, शेवटच्या नळाला इतके, मोजल्याची तारीख. भिंत रंगवायचीच आहे तर ती अशी रंगवा.

मुख्याधिकारी साहेब, तुमची बदली होणार हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून हे आदेशावर नको, सर्वसाधारण सभेच्या ठरावावर हवं. मसुदा मी करून दिला आहे, विषयपत्रिकेवर जसाच्या तसा घेता येईल:

‘पालिका हद्दीतील प्रत्येक जलकुंभ क्षेत्रातील जवळच्या, मधल्या व शेवटच्या नळजोडण्यांवरील प्रत्यक्ष पुरवठ्याची मोजणी दरवर्षी मे व नोव्हेंबर महिन्यांत पाणीपुरवठा विभागाव्यतिरिक्त अन्य यंत्रणेकडून करण्यात यावी. कर नोंदवहीत नसलेल्या वस्त्यांचा त्यात स्वतंत्र समावेश असावा. मोजणीचे आकडे पंधरा दिवसांत प्रत्येक जलकुंभावर व प्रभाग कार्यालयात ठळकपणे लावण्यात यावेत. पहिल्या वर्षीच्या आकड्यांवरून कोणत्याही कर्मचाऱ्याविरुद्ध कारवाई करण्यात येऊ नये. अशा किमान दोन मोजण्या सभागृहापुढे आल्याशिवाय नवीन पाणीपुरवठा योजनेच्या प्रस्तावास मान्यता देण्यात येऊ नये.’

शेवटचं वाक्य काढायला सांगणारे लोक भेटतील, तेव्हा ते का नको हे त्यांच्याकडून सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. सूचक आणि अनुमोदक तेवढे तुम्ही शोधा. शक्यतो दोघे वेगवेगळ्या पक्षांचे असावेत.

कळावे,
आपला,
पाणीपुरवठा विभागातील एक निवृत्त कर्मचारी